उत्तनच्या किनाऱ्यावरचा परलोक

१८१८ च्या पावसाळ्यात पटकीची साथ मुंबईत उतरली. आदल्याच वर्षी बंगालमध्ये जेसोरला तिचा भडका उडाला होता. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत उलट्या-जुलाबांनी आटून मरत होता. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी दाखवून द्यायला १८५४ साल उजाडावे लागले, म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्यांना कारण ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. देवीचा कोप, पापाची शिक्षा किंवा कुणाची करणी, एवढीच उत्तरे हाताशी होती.

या साथीच्या काळातली एक नोंद ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये सापडते. १८२० च्या सुमारास ठाण्याच्या काही ख्रिस्ती कोळ्यांनी चर्च सोडले आणि ते पुन्हा हिंदू झाले. नवा धर्म पटकीपासून वाचवत नाही, असे त्यांना वाटले. त्यांच्या घरांत ख्रिस्ती धर्म दोनेकशे वर्षांहून जुना होता. पणजोबा-खापरपणजोबा चर्चच्या आवारात पुरलेले होते, पोरांची नावे संतांची होती. तरीही साथ आली आणि माणसे मागे फिरली.

तिथून पश्चिमेला, आज मीरा-भाईंदर महापालिकेत असलेल्या उत्तन, चौक, पाली आणि डोंगरी या गावांची वस्ती मात्र ख्रिस्तीच राहिली. जमात तीच, चर्च तेच, भीतीही तीच, निर्णय वेगळे. हे का झाले याचे एक ठाम उत्तर देता येणार नाही. पण श्रद्धा, शंका आणि मरणानंतरचे जग यांचा इतिहास ग्रंथांतून वाचायचा की अशा निर्णयांतून, असे कुणी विचारले, तर या किनाऱ्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. इथे शंका कुणी कागदावर लिहून ठेवली नाही. ती रीतिरिवाजांत उतरली, आणि त्यातही मेलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, या रिवाजांत सगळ्यात जास्त.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आणि नंतर जेझुइट पाद्री आले. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, काही ब्राह्मण घराणीही ख्रिस्ती झाली. कुणी पटून, कुणी सवलतीसाठी, कुणी धाकाने, आणि पुष्कळदा गावच्या गाव एकदम. मीरा रोडपासून फारसे दूर नसलेले बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे या उलथापालथीचा दगडी पुरावा आहे. शिवाचे लेणे फ्रान्सिस्कनांनी चर्चमध्ये घेतले, आणि तिथल्या एका शिल्पपटावर कोरलेला क्रूस आजही दिसतो.

जेवण, भाषा, लुगडे, हळद हे सगळे बाप्तिस्म्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मरण मात्र एका दिवसात बदलले. दहनाच्या जागी दफन आले. दहाव्याचा पिंड, कावळ्याची वाट पाहणे, श्राद्ध, पुन्हा जन्म, हे सारे चर्चने मोडीत काढले. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, देह मातीत शेवटच्या दिवसाची वाट पाहतो आणि आत्मा न्यायाला सामोरा जातो, असे शिकवले जाऊ लागले. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या फरशीत आजही पोर्तुगीज कबरींचे कोरीव दगड बसवलेले आहेत. त्यांतल्या कित्येकांवर कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची आहे, असा मजकूर असतो. मेल्यानंतरचा पत्ता कुटुंबाच्या नावे राखून ठेवायची ही कल्पना कोळ्याला अगदी नवी होती.

एका ठिकाणी मात्र जुने आणि नवे एकमेकांना भेटले. थेट स्वर्गात जाण्याइतका निर्मळ नसलेला आत्मा शुद्धिस्थानात थांबतो, आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी, त्याच्या नावे केलेल्या मिस्सांनी त्याला मदत होते, अशी कॅथलिक शिकवण आहे. प्रॉटेस्टंटांनी ती झुगारली, तेव्हा डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती पुन्हा ठासून सांगितली. बापाच्या नावाने पिंड ठेवणाऱ्या घराला ही भाषा कळायला वेळ लागला नसणार. मेलेल्यासाठी अजून काहीतरी करता येते, ही आशा दोन्हीकडे होती. भाद्रपदातला पितृपंधरवडा सुटला आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मृतिदिन आला. या दिवशी कबरी धुवून-पुसून, झेंडूच्या फुलांनी सजवून, मेणबत्त्या लावण्याची आणि पाद्रींकडून त्यांवर आशीर्वाद घेण्याची चाल वसईपासून उत्तनपर्यंत आजही आहे.

जुने किती टिकले होते, हे कळण्याचे सर्वांत चांगले साधन ते पुसू पाहणाऱ्यांनीच मागे ठेवले आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनचा अंमल पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखावर, म्हणजे वसईवर आणि मुंबईच्या उत्तरेच्या साष्टी बेटावरही होता. या न्यायपीठाने १७३६ मध्ये एक लांबलचक जाहीरनामा काढला, आणि अ. का. प्रियोळकरांनी आपल्या १९६१ सालच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात तो तपशिलाने मांडला. ख्रिस्ती झालेल्यांनी काय-काय करू नये याची ती यादी आहे. लग्नात हळद लावू नये, दारात तुळस ठेवू नये, एकादशीला उपास करू नये. मरणाच्या प्रसंगीचे मनाई-हुकूमही त्यात आहेत. माणूस जिथे मेला ती जमीन शेणाने सारवू नये. मेलेल्याच्या नावाने जुन्या रीतीची जेवणावळ घालू नये.

ही यादी वाचताना न्यायपीठाचा राग जाणवतो, पण त्याच्या आडून सामान्य घरे दिसू लागतात. आई गेली आहे. पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेले आहेत. देह विधिपूर्वक मातीत गेला आहे. आणि संध्याकाळी घरातली थोरली सून, दार लोटून घेऊन, आईची खाट जिथे होती ती जागा शेणाने सारवते आहे. तिने ख्रिस्ताला नाकारलेले नाही. सारवले नाही आणि आईचा जीव तिथेच घुटमळत राहिला तर, एवढेच तिच्या मनात आहे. दोनशे वर्षांच्या उपदेशानंतरही असा हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ असे सारवणे घराघरांत चालू होते. विद्वानांच्या लेखी याला अर्धवट धर्मांतर म्हणतात. खरे तर ती शंकाच आहे, आणि प्रामाणिक शंका आहे. परलोकाबद्दल कुणालाच खात्री नसेल, तर दोन्ही दारे किलकिली ठेवण्यात त्या बाईची काही चूक नाही.

पुढच्या तीनच वर्षांत राज्य पालटले. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत धारावी बेटाचा किल्ला मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. धारावी बेट म्हणजे आजचा उत्तन-चौक-डोंगरीपासून गोराई-मनोरीपर्यंतचा पट्टा. मे महिन्यात वसई पडली. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मोकळीक होती. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. मयताची खबर गावाला देणाऱ्या घंटा आता महादेवाच्या दारात वाजू लागल्या.

चर्चमधली प्रार्थना त्यानंतरही चालू राहिली. फ्रेंच प्रवासी आंकेतील द्युपेराँ १७६० मध्ये साष्टीतून फिरला. मराठ्यांच्या राज्यात ठाण्याच्या चर्चमध्ये थाटामाटाने मिस्सा चालली आहे, हजारोंनी देशी ख्रिस्ती जमले आहेत आणि कुणी आडकाठी करत नाही, हे पाहून तो चकित झाला. युरोपियन पाद्री निघून गेले होते. गोव्याहून आलेले देशी पाद्री गावे सांभाळत होते. राजाचा धाक गेला, तरी इतके लोक चर्चमध्ये येत राहिले. श्रद्धेची याहून मोठी कसोटी कुठली असेल? गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना आणि नंतरच्या पुष्कळ लेखकांना या गावांत फक्त सक्ती नाहीतर अडाणीपण दिसले. १७६० च्या त्या गर्दीत या दोहोंपैकी काहीच बसत नाही.

मग साठ वर्षांनी पटकी आली आणि ठाण्याचे कोळी मागे फिरले. त्याच काळात ख्रिस्ती राहूनही देवीला नवस बोलणारी घरे साष्टीत होती, असेही गॅझेटियर सांगते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेगची पहिली नोंद झाली. या वेळी परिस्थिती बरीच बदललेली होती. साष्टी-वसईच्या ख्रिस्ती समाजाने नऊच वर्षांपूर्वी, २६ मे १८८७ रोजी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली होती आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले होते. गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथल्या मातीचे, हे त्यांना सरकारला सांगायचे होते. प्लेग आला तेव्हा वांद्रे, गिरगाव, माझगावच्या ख्रिस्ती वाड्यांत चौकाचौकांत दगडी आणि लाकडी क्रूस उभे राहू लागले. संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावायची, जपमाळ म्हणायची आणि रोग वेशीबाहेर राहू दे म्हणून मागणे मागायचे. वेशीवर मरीआई बसवायची शेजारची रीत याहून फार वेगळी नव्हती. एका साथीने क्रूस सोडायला लावला, दुसरीने गल्लोगल्ली उभे करायला लावले.

किनाऱ्यावरच्या गावाला मात्र साथींपेक्षा जुनी आणि कायमची एक अडचण आहे. समुद्र देह परत देतोच असे नाही.

उत्तनचा नाखवा बोंबलासाठी होडी काढतो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात. होड्यांवर संतांची नावे आणि क्रूस रंगवलेले असतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात आणि हंगाम उघडला की पुन्हा पाण्यात जातात. एखादा खलाशी बुडाला आणि सापडला, तर पुढचे सगळ्यांना ठाऊक असते: मिस्सा, मयताची फेरी, मूठमूठ माती. सापडलाच नाही, तर? घरच्यांना तो मेला असे म्हणवत नाही आणि जिवंत आहे असेही म्हणवत नाही. ‘शंका’ या शब्दाला इथे तत्त्वज्ञानाचा वासही उरत नाही. ती रोज दुपारी बंदरावर येणारी एक बाई असते.

या प्रश्नावर तीन जुन्या व्यवस्थांनी तीन उत्तरे दिली आहेत. धर्मशास्त्राने परागंदा माणसासाठी बारा वर्षे वाट पाहायला सांगितली. मग दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक धरायचे. पालाशविधी म्हणतात त्याला. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १०८ ने सात वर्षे ठरवली: ज्याची खबर एरवी ज्यांना लागली असती, त्यांना सात वर्षांत ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम १११ मध्ये तीच सात वर्षे आहेत. विमा, होडीचे कर्ज, घराची नोंद, सारे या आकड्याशी अडकते.

कॅथलिक चर्चने आकडाच दिला नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातले कलम १७०७ सांगते की, जोडीदार पुष्कळ वर्षे बेपत्ता आहे एवढ्यावरून त्याला मृत मानता येणार नाही. साक्षी, गावातली बोलवा, परिस्थिती हे सगळे तपासून बिशपांची खात्री पटली पाहिजे. तरच तसे जाहीर होईल आणि मागे राहिलेल्याला पुन्हा लग्न करता येईल. पहिल्या वाचनात हा नियम कठोर वाटतो, आणि एखाद्या तरुण विधवेला तो खरोखरच कठोर पडू शकतो. पण त्यात एक गोष्ट मान्य केलेली आहे, जी बारा आणि सात या आकड्यांत नाही: काळ लोटला म्हणून खात्री होत नाही. बेपत्ता माणसाच्या आत्म्यासाठी देहाशिवायही मिस्सा करता येते. पुतळा जाळायचा असो की मोकळ्या वेदीपुढे प्रार्थना करायची असो, देह नसताना निरोप द्यायची वाट माणसांनी काढलीच.

शंका कागदावर लिहिणारे लोक महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होते, पण ते घाटावर. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या या माणसाने देव आणि परलोक यांबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, हे उघड सांगितले. पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांनी स्वतः पाहिली. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. त्यांचे धैर्य थोर होतेच. तरीही शंका म्हणजे आगरकर आणि श्रद्धा म्हणजे कोळीवाडा, अशी जी वाटणी आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीत बसली आहे, ती सोडून द्यायला हवी. जमीन सारवणारी सून आणि चर्च सोडणारा ठाण्याचा कोळी यांनीही आपापल्या परीने तोच प्रश्न विचारला होता.

गेल्या चाळीस वर्षांत या किनाऱ्यामागे मीरा-भाईंदर हे शहर उभे राहिले. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. मिठागरांच्या आणि भातशेतीच्या जमिनीवर इमारती आल्या, आणि भाईंदरला गुजराती-मारवाडी जैनांची मोठी वस्ती झाली. त्यांच्यासोबत परलोकाची आणखी एक मांडणी या गावात आली, आणि ती चर्चच्या मांडणीपासून जितकी दूर असेल तितकी आहे. जग निर्माण करणारा देव तिथे नाहीच. जीव कर्माने बांधला जातो, कर्म झडले की सुटतो. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला काही करता येत नाही. शुद्धिस्थानातल्या आत्म्याला मिस्सांची मदत होते. जैन विचारात ज्याचे ओझे त्यानेच उतरवायचे.

ते उतरवण्याची शेवटची वाट म्हणजे संथारा, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून शांतपणे मरणाला सामोरे जाणे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा आत्महत्येच्या कायद्याखाली आणली. देशभरचे जैन रस्त्यावर उतरले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्यानंतर काही दिवसांतच पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचा निर्णय मीरा-भाईंदर महापालिकेने घेतला आणि हे शहर देशभर गाजले. मुंबईतल्या तशाच, पण कमी दिवसांच्या बंदीचा वाद उच्च न्यायालयात गेला. मासळी बंदीत नव्हती. मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही, असे सरकारतर्फे न्यायालयात सांगण्यात आले. उत्तनच्या कोळ्याची टोपली त्यामुळे वाचली. पण जैन जीवविचारात मासा पंचेंद्रिय जीवांतच मोडतो, आणि त्याला मारण्याचे पाप पाण्याने की सुरीने, यावर ठरत नाही. कायदा दोन श्रद्धांच्या मधून वाट काढू पाहत होता आणि त्याला दोन्हींपैकी एकाचीही भाषा बोलता येत नव्हती.

चर्चचा दफनाचा जुना नियमही दरम्यान सैल झाला होता. कॅथलिकांना दहनाची मुभा व्हॅटिकनने जुलै १९६३ मध्ये दिली. २०१६ मध्ये त्यापुढची सूचना आली: दहन चालेल, पण राख पवित्र जागी ठेवावी, हवेत, जमिनीवर किंवा समुद्रात विखरू नये. मुंबई परिसरात दफनभूमीला जागा पुरत नाही. कित्येक दफनभूमींत काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. वसईच्या फरशीवर वारसांच्या नावे कोरलेल्या कायमच्या कबरीपासून समाज इथवर आला आहे, आणि सक्ती नसताना, हळूहळू आला आहे.

सक्तीचा प्रसंग २०२० मध्ये आला. ३० मार्चला मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी परिपत्रक काढले की कोविडने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. काही तासांत ते बदलावे लागले. मग वांद्र्याच्या एका दफनभूमीजवळच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. पुरलेल्या देहांमुळे रोग पसरेल, अशी त्यांची भीती होती. पटकीच्या काळी कारण ठाऊक नव्हते. या खेपेला विषाणूची जनुकीय रचना जानेवारीतच जगापुढे आली होती, कोट्यवधी लोकांच्या हातातल्या फोनवर रोजचे आकडे येत होते, आणि तरीही भांडण मेलेल्या देहाचे काय करायचे याचेच होते. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. दफनातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाखालच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. दफन चालू राहिले. मात्र केंद्राच्या नियमाप्रमाणे मयताला वीसपेक्षा जास्त माणसे जमवायची नव्हती, आणि कोळीवाड्यात मयत म्हणजे सगळा गाव असतो.